मुक्त सॉफ्टवेअरचा पहिला स्टॉल लावताना

माझा पहिला स्टॉल नांदेडला होता, एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या तंत्रमहोत्सवात. टेबलावर एक लॅपटॉप, त्यावर टर्मिनलची काळी खिडकी, मागे 'ओपन सोर्स' (म्हणजे ज्याचा आतला कोड कोणालाही बघता, बदलता आणि वाटता येतो असं सॉफ्टवेअर) असं ठळक छापलेला फ्लेक्स आणि खुर्च्यांवर आम्ही दोघी. मुलं यायची, लांबूनच वाचायची आणि शेजारच्या ड्रोनच्या टेबलाकडं वळायची. दुसऱ्या दिवशी दुपारी लॅबमध्ये काम करणारे एक काका मुद्दाम येऊन उभे राहिले. म्हणाले, "ताई, हे फुकट कामून द्यायलेत?" मी १९८३ सालच्या ग्नू प्रकल्पापासून, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीच्या आरंभापासून, सांगायला सुरुवात केली. काकांनी दोन मिनिटं मान डोलावली आणि ते गेले. त्यांचा प्रश्न रास्त होता आणि मी त्याचं उत्तर दिलंच नव्हतं. ते मला आजही लागून आहे.

त्यानंतर परभणी, लातूर, छत्रपती संभाजीनगर असे बरेच स्टॉल झाले. त्यातून जे हाती लागलं ते क्रमानं लिहिते आहे. पुण्या-बंगळुरूच्या परिषदेत स्टॉलवर येणाऱ्याला लिनक्स (विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारी मुक्त प्रणाली) म्हणजे काय ते ठाऊक असतं. आपल्याकडं येणाऱ्याला बहुधा नसतं. म्हणून तिकडचा स्टॉल उचलून इकडं मांडला तर तो रिकामाच राहतो.

१. आधी काम निवडा, सॉफ्टवेअर मागून

लिनक्स, लिबरऑफिस (लिखाण आणि हिशेब), गिंप (फोटो), ब्लेंडर (थ्रीडी चित्रं), क्यूजीआयएस (नकाशे), पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) सगळंच एका टेबलावर मांडायचा मोह होतो. तो आवरा. कार्यक्रमाला कोण येणार ते विचारा आणि त्यांचं रोजचं एक काम उचला. कृषी महाविद्यालय असेल तर क्यूजीआयएसमध्ये आपल्या गावाचा नकाशा. कला-वाणिज्यची मुलं असतील तर लिबरऑफिसमध्ये मराठीतून अर्ज लिहून त्याची पीडीएफ. पत्रकारितेची असतील तर इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर सारख्याच दिसणाऱ्या) मराठी अक्षरांचं पोस्टर. मुक्त परवान्याचा 'मुक्त' हा फॉन्ट त्यासाठी उत्तम आहे.

इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निकसाठी माझी पहिली पसंती जुन्या कॉम्प्युटरला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आपल्याकडच्या कितीतरी लॅबमधली मशीन त्याच्या आधीची आहेत. चार जीबी रॅमचा असा एक डबा कुठूनतरी मिळवा, त्यावर लिनक्स मिंट या वितरणाची (वितरण म्हणजे बसवायला तयार असा लिनक्सचा संच) एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बसवा आणि तोच टेबलावर मधोमध ठेवा. शेजारी हातानं लिहिलेली पाटी: 'हा कॉम्प्युटर भंगारात निघाला होता.' विद्यार्थी तर थांबतातच, पण लॅबची जबाबदारी असलेले सर आणि मॅडम हमखास थांबतात. त्यांच्याशी झालेलं दहा मिनिटांचं बोलणं वाटलेल्या सगळ्या स्टिकरांपेक्षा जास्त कामाला येतं.

२. तारीख, जागा आणि कागदपत्रं

जगभर सॉफ्टवेअर फ्रीडम डे सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी पाळतात. तो शनिवार १५ ते २१ तारखेच्या दरम्यान येतो आणि १७ सप्टेंबर हा आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. २०२२ मध्ये तर दोन्ही एकाच दिवशी आले होते. जुळणी सुंदर आहे, पण १७ तारखेला ध्वजारोहण झालं की कॉलेज रिकामं होतं. त्या आठवड्यात गणपतीही असू शकतात. कॅलेंडर बघूनच तारीख मागा.

तोंडी 'या की, टेबल देऊ' यावर विसंबू नका. लागतं ते असं:

• समन्वयक किंवा विभागप्रमुखांच्या नावे अर्ज, दोन प्रतींत. किती टेबलं, किती वीजजोड, काय दाखवणार, किती जण येणार हे सगळं त्यात लिहा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या.
• त्याच अर्जात एक स्पष्ट ओळ: 'स्टॉलवर कोणतीही विक्री होणार नाही, शुल्क घेतलं जाणार नाही.' ही ओळ नसेल तर आयोजक तुम्हाला क्लासवाले समजतात आणि व्यावसायिक स्टॉलचं भाडं सांगतात.
• येणाऱ्या सगळ्यांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स.
• साहित्याची यादी, लॅपटॉपच्या सिरियल नंबरांसह, आत जाताना गेटवर सही-शिक्का घेतलेली. संध्याकाळी बाहेर पडताना वॉचमन हीच यादी मागतो.

जागा आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा. स्पीकरच्या भिंतीजवळ टेबल मिळालं असेल तर अदबीनं पण लगेच बदलून मागा, कारण ओरडून बोलत दिवस काढता येत नाही. दाराजवळची जागा चांगली वाटते, पण तिथं माणूस आत शिरायच्या घाईत असतो. नोंदणी टेबलाच्या पुढची किंवा चहाच्या वाटेवरची जागा सगळ्यात चांगली. लोकांच्या हातात कप असतो आणि पाच मिनिटंही असतात.

फ्लेक्स छापण्यापूर्वी एक गोष्ट नक्की करा. प्रत्येक प्रकल्पाच्या चिन्हाचे नियम असतात. डेबियन या लिनक्स वितरणाकडं दोन चिन्हं आहेत, त्यातलं एकच सर्वांना वापरायला खुलं आहे. कार्यक्रमाच्या चिन्हात फायरफॉक्सचा कोल्हा मिसळणं, रंग बदलणं, 'अधिकृत' असा शब्द लिहिणं, यातलं काही करू नका. सॉफ्टवेअर मुक्त असलं तरी नाव आणि चिन्ह राखीव असू शकतं.

३. टेबलावर आणि टेबलाखाली

• दोन लॅपटॉप आणि जमलं तर वर सांगितलेला जुना डेस्कटॉप
• वायरचे दोन वेगळे माउस (टचपॅड बघून नवखा माणूस हात मागं घेतो)
• मराठी अक्षरं असलेला कीबोर्ड किंवा अक्षरांचे स्टिकर
• पाच मीटरचा एक्स्टेंशन बोर्ड आणि मोठ्या पिनेचा सॉकेट छोट्यावर आणणारं कन्व्हर्टर
• चिकटपट्टी, सुतळी, कात्री, मार्कर, कोरे कागद
• टेबलावर अंथरायला जाड चादर, कागदांवर ठेवायला वजनं
• एक जाड वही आणि दोन पेनं
• पाण्याचा जार, फेब्रुवारीनंतर तर नक्कीच

मंडपात स्टॉल असेल तर वारा आणि धूळ धरूनच चाला. पत्रकं उडतात, लॅपटॉपच्या पंख्यात माती जाते. दुपारी बाराच्या पुढं ऊन कुठल्या बाजूनं येणार तेही बघा. स्क्रीनवर ऊन पडलं की काहीच दिसत नाही. लाईट जाणार हे गृहीत धरा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटंही टिकत नाही, म्हणून निदान एका लॅपटॉपची बॅटरी धड असू द्या.

माणसं कमीत कमी तीन. त्यात एक तरी मुलगी असावी. टेबलामागं नुसती मुलं उभी असली की पुष्कळ मुली लांबूनच निघून जातात. मैत्रीणवजा कोणी दिसलं की थांबतात, विचारतात.

४. नेट नाही असं धरूनच तयारी

कॉलेजचं वायफाय पासवर्डाच्या मागं असतं आणि गर्दीत मोबाईलचं नेट रांगतं. सगळं आधीच उतरवून ठेवा. लिनक्स मिंटची फाइल साधारण तीन जीबीची, विंडोजसाठीचं लिबरऑफिस साडेतीनशे एमबीच्या आसपास. हे तिथं डाउनलोड करून देण्याच्या भरवशावर राहू नका. एकाच पेनड्राइव्हवर अनेक वितरणं ठेवायला व्हेंटॉय हे सॉफ्टवेअर वापरा. फाइल नुसती कॉपी केली की झालं, दर वेळी पेनड्राइव्ह नव्यानं बनवावा लागत नाही.

मराठी टायपिंग आदल्या रात्री स्वतः करून बघा. आयबस (लिनक्सवर भाषा बदलून टाइप करू देणारं सॉफ्टवेअर) बसवलं आहे का, मराठी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी दिसते का, 'र्‍या' आणि 'ऱ्हा' नीट उमटतात का. टायपिंगच्या परीक्षा दिलेल्यांचा हात टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर बसलेला असतो, त्यांच्यासाठी ती मांडणीही तयार ठेवा. पहिला शब्द चुकला की माणूस 'यात मराठी येत नाही' असं समजून जातो आणि दहा जणांना तसंच सांगतो.

नकाशा दाखवणार असाल तर ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून भरलेल्या मुक्त नकाशाचा भारताच्या पश्चिम विभागाचा डेटा जिओफॅब्रिकच्या संकेतस्थळावरून उतरवून क्यूजीआयएसमध्ये घालून ठेवा. त्याविषयी थोडं सविस्तर सांगते, कारण माझ्या अनुभवात इतकं धरून ठेवणारं दुसरं काही नाही. येणाऱ्याला एवढंच म्हणा, "तुमचं गाव शोधा." माणूस आधी तालुका शोधतो, मग नदी, मग रस्ता. गाव सापडतं, पण वस्ती नसते. शाळा असते, पण नाव नसतं, किंवा नाव असतं ते फक्त इंग्रजीत. जिंतूर तालुक्यातला एक मुलगा असाच बसला आणि त्यानं कोऱ्या कागदावर गावातली शाळा, मारुतीचं देऊळ, पाण्याची टाकी, दोन आड असं सगळं काढून दिलं. नंतर खातं उघडून ते त्यानंच नकाशावर चढवलं, मराठी नावांच्या रकान्यासकट. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये 'भाग घेणं' म्हणजे काय, हे त्याला वेगळं सांगावं लागलं नाही. एक ताकीद मात्र द्या: दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून नावं किंवा रस्ते उतरवून घ्यायचे नाहीत, परवाना तशी मुभा देत नाही. स्वतः पाहिलेलं, माहीत असलेलं तेच भरायचं.

५. माणूस थांबला की

सुरुवात ओळखीच्या वस्तूपासून करा. आमच्या टेबलावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या केशरी-पांढऱ्या शंकूचं मोठं चित्र असतं. "हे बघितलंय का?" असं विचारलं की जवळपास प्रत्येक जण हो म्हणतो, कारण सिनेमे त्यावरच बघितलेले असतात. मग सांगायचं की हे पॅरिसजवळच्या एका कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून आलं आणि २००१ पासून मुक्त परवान्याखाली आहे. तुमच्या अँड्रॉइड मोबाईलच्या तळाशीही लिनक्सच आहे. 'म्हणजे मी हे आधीपासून वापरतोय' हे कळलं की पुढचं बोलणं सोपं जातं.

आणि मग माउस सोडा. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. आपण भराभर करून दाखवतो तेव्हा बघणाऱ्याला आपला सराव दिसतो, त्याचं काम दिसत नाही. त्याला खुर्ची द्या, आपण बाजूला उभं राहा आणि तो चुकीच्या जागी क्लिक करत असला तरी दहा सेकंद गप्प राहा. ही गप्प राहायची सवय नव्या स्वयंसेवकांना लावायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

आता नांदेडच्या काकांचा 'हे फुकट का?' हा प्रश्न. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात फुकट आणि मुक्त दोन्ही येतात, त्यामुळं तिकडच्या लोकांना हा फरक समजावून सांगत बसावं लागतं. आपल्याकडं शब्दच दोन आहेत. ते वापरा, आणि फ्लेक्सवर 'मोफत' लिहू नका. मोफत म्हटलं की माणूस त्यातली गोम शोधायला लागतो.

मी बियाण्याचं उदाहरण देते, कारण ते आपल्याकडच्या घराघरांत पोचतं. कपाशीचं संकरित बियाणं दर वर्षी विकत आणावं लागतं; घरची सरकी पेरून तसं पीक येत नाही. सोयाबीनचं सरळ वाण असेल तर घरचं बी राखता येतं, उगवणक्षमता तपासून पुढच्या हंगामात पेरता येतं, भावकीत देता येतं. मुक्त सॉफ्टवेअर घरच्या बियाण्यासारखं आहे. हव्या त्या कामाला वापरा, आत काय आहे ते तपासा, दुसऱ्याला द्या, सुधारून तेही वाटा. या चारही मुभा परवान्यात लेखी असतात आणि त्या कोणी मागं घेऊ शकत नाही. हे सांगितल्यावर शेतकऱ्याच्या घरातली मुलं पुढचे प्रश्न आपणहून विचारतात.

"मग करणाऱ्याचं पोट कसं भरतं?" हाही प्रश्न येतोच, आणि 'सगळे सेवा म्हणून करतात' हे त्याचं उत्तर नाही. लिनक्सवर काम करणाऱ्या बहुतेकांना कुठली ना कुठली कंपनी पगार देते. रेड हॅट ही लिनक्स कंपनी सेवा आणि आधार विकून मोठी झाली आणि आयबीएमनं ती २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली. नोकरीच्या काळजीत असलेल्या शेवटच्या वर्षाच्या मुलाला हे ऐकायचं असतं, आणि ते खरंही आहे.

६. जिथं 'नाही' म्हणायचं तिथं 'नाही' म्हणा

"टॅली चालतं का?" टॅली विंडोजसाठीच आहे. तुमच्या दुकानाचे हिशेब त्यावर असतील तर ते मशीन बदलू नका.

"एमएस-सीआयटीला हे चालेल का?" परीक्षेत जे विचारतात त्याचाच सराव करा. लिबरऑफिस घरी शिकून घ्या.

"माझी जुनी मराठी फाइल यात वाकडीतिकडी दिसते." बहुतेक वेळा ती कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असते. तो फॉन्ट नसेल तर ती कुठल्याही कॉम्प्युटरवर तशीच दिसणार. तिचं युनिकोडमध्ये रूपांतर करावं लागतं. डीटीपीवाल्यांना हे दाखवण्यासाठी एक नमुना फाइल जवळ ठेवा.

"व्हायरस येत नाही ना?" 'अजिबात नाही' असं म्हणू नका. धोका कमी आहे, शून्य नाही, आणि अपडेट करावंच लागतं.

"पुढं शिकायचं कुठं?" मुंबईच्या आयआयटीनं सुरू केलेल्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्स, लिबरऑफिस, पायथन यांचे मराठीतून धडे आहेत. पत्रकावर तेवढा एकच क्यूआर छापा. सहा क्यूआर असले की एकही स्कॅन होत नाही.

दुसऱ्या कंपन्यांची निंदा टाळा. ज्याच्या घरी आईबापांनी पैसे साठवून विंडोजचा लॅपटॉप घेतला आहे, त्याला ती आपल्या घराची निंदा वाटते.

७. स्टॉलवर दुसऱ्याच्या लॅपटॉपला हात लावू नका

हे वेगळं लिहायचं कारण आहे. एका स्टॉलवर बीएस्सीची एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली. म्हणाली, "मला पण बघायचंय." आम्ही उत्साहात सिक्युअर बूट (कॉम्प्युटर सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी) बंद केलं, पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून दाखवलं. तिला आवडलं. नंतर विंडोज सुरू करायला गेलो तर निळ्या पडद्यावर ४८ अंकी वसुली-चावी (रिकव्हरी की) मागू लागलं. नव्या लॅपटॉपमधली डिस्क बरेचदा आपोआप कुलूपबंद असते आणि बूटची सेटिंग बदलली की ती चावी मागते. चावी मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, आणि ते खातं लॅपटॉप विकणाऱ्यानं स्वतःच्या ईमेलवर उघडून दिलं होतं. तिचा प्रकल्प त्यात होता. रात्री उशिरापर्यंत फोन झाले, चावी दुसऱ्या दिवशी मिळाली. मिळाली नसती तर? चूक सगळी आमची होती.

तेव्हापासून आमचा नियम आहे: स्टॉलवर फक्त आपलीच मशीन. ज्यांना हवंय त्यांचं नाव वहीत लिहायचं आणि वेगळ्या दिवशी बोलवायचं, येताना डेटाची प्रत आणि वसुली-चावी लिहून आणायला सांगून. आधी लिबरऑफिस, व्हीएलसी, इंकस्केप आहे त्या विंडोजवरच बसवा. बहुतेकांसाठी तेवढी पहिली पायरी पुरेशी असते.

८. स्टॉल उठल्यानंतर

वहीत तीन रकाने ठेवा: नाव, वर्ग, काय काम अडलंय. फोन नंबर ज्याला द्यायचा त्यानं द्यावा. आलेले नंबर परस्पर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये टाकू नका. मुलींचे नंबर अनोळखी शंभर जणांना दिसतात आणि त्यांना त्याचा त्रास होतो. ग्रुपचा क्यूआर ठेवा, ज्याला यायचं तो स्वतः येईल.

आठ दिवसांच्या आत इन्स्टॉलचा एक दिवस ठेवा, जमलं तर त्याच कॉलेजच्या लॅबमध्ये. महिना गेला की उत्साह ओसरतो. आभाराचं पत्र द्यायला जाल तेव्हाच ही तारीख मागून घ्या.

लॅबमधली जुनी मशीन बदलायची परवानगी मिळाली तर पहिल्यांदा दोनच घ्या. तीसच्या तीस बदलली आणि प्रिंटर चालला नाही, तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांवर पुन्हा विंडोज आलेलं असतं. त्या दोन मशीनवर प्रिंटर, प्रोजेक्टर, मराठी टायपिंग आणि प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला लागणारं सगळं महिनाभर चालवून बघा. बारकाईनं काय अडतंय ते रोज तिथं बसणाऱ्या लॅबच्या काकांना विचारा, वहीत उतरवा. आणि मुख्य पासवर्ड आपल्याकडं ठेवू नका. तो त्यांच्या हातानं टाकून घ्या, त्यांच्याच डायरीत लिहून द्या, आणि अपडेट कसं करायचं ते त्यांच्याकडून दोनदा करून घेऊन मगच निघा.